निस्तार आणि पाणथळ : बोदलकसा परिसरातील तलावांचे हक्क व कायद्याची भाषा

१. प्रास्ताविक

कायद्याच्या भाषेचा विचार आपल्याकडे बहुधा परिभाषेपुरता मर्यादित राहतो. अमुक इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द कोणता, तो संस्कृतातून घडवावा की रूढ फारसी-अरबी शब्दच कायम ठेवावा, एवढ्यावर चर्चा येऊन थांबते. या चर्चेचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेला अधिक गंभीर प्रश्न तीत अनेकदा नजरेआड होतो. तो असा की, कायद्यातील शब्द बदलला म्हणजे त्या शब्दाच्या आश्रयाने उभा असलेला हक्कही पुष्कळदा बदलतो. आणि हा बदल कोणीही जाणूनबुजून न करता, केवळ वर्गीकरणाच्या ओघात, घडून येतो.

या विधानाची सत्यता पाहण्यास पूर्व विदर्भातील तलावांइतके उपयुक्त क्षेत्र क्वचितच सापडेल. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे नाव आज पर्यटकांस व पक्षिनिरीक्षकांस परिचित आहे. कायद्याच्या अभ्यासकाने मात्र या जलाशयाकडे व त्याच्या आसपासच्या गावतलावांकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास हवे. एकाच पाण्यासंबंधी येथे सिंचनाचा, महसुलाचा, वनहक्कांचा व पाणथळ जागांचा असे चार कायदे बोलतात आणि प्रत्येक कायदा आपापल्या भाषेत बोलतो. नागपूरच्या फुटाळा तलावासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयामुळे या चार भाषांतील अंतर किती परिणामकारक ठरू शकते, हे विशेष स्पष्ट झाले आहे. त्या निर्णयाचा अर्थ नीट लागण्यासाठी प्रथम थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

२. दोन प्रकारचे तलाव

जुन्या भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणत. १ मे १९९९ रोजी त्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा या तलावांपैकी फार मोठा भाग नव्या जिल्ह्यात गेला. येथील तलाव दिसावयास सारखे असले तरी उत्पत्तीच्या दृष्टीने त्यांचे दोन स्पष्ट वर्ग पडतात.

पहिला वर्ग गावतलावांचा होय. उताराच्या जमिनीवर पाळ घालून पावसाचे पाणी अडवावे, जादा पाणी सलंगावरून वाहू द्यावे आणि भाताच्या बांध्यांस लागेल तेव्हा तुडुमातून पाणी सोडावे, अशी यांची रचना आहे. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. नवेगावबांधाचा विस्तीर्ण तलाव हे त्याचे ठळक उदाहरण होय. लहान आकाराच्या तलावास बोडी म्हणतात. मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात असल्याने त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव शासकीय कागदांत पडले, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ हा शब्द आता बोलण्यात व लिहिण्यातही रूढ झाला आहे.

दुसरा वर्ग शासकीय पाटबंधारे तलावांचा होय. बोदलकसा या वर्गात मोडतो. १९१७ साली पूर्ण झालेले हे मातीचे धरण आरंभापासूनच सरकारी सिंचनकार्य म्हणून बांधले गेले. त्याचे पाणी कोणास, केव्हा व किती दराने द्यावयाचे हे शासनाने ठरवावयाचे, अशी त्यामागील कल्पना होती. पुढे १९३१ चा मध्यप्रांत पाटबंधारे अधिनियम आणि त्यानंतर १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम यांनी हीच कल्पना कायम ठेवली. पाणी शासनाचे, शेतकरी हा परवानगीने पाणी घेणारा, आणि पाणीपट्टी हा त्याचा मोबदला, असे या कायद्यांचे थोडक्यात स्वरूप आहे. २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन करण्यासंबंधीचा अधिनियम झाला. त्याने पाणीवापर संस्थेस घनमापन पद्धतीने ठरावीक पाणी मिळण्याची ‘हक्कदारी’ दिली. हे पाऊल निश्चितच पुढचे आहे. परंतु ही हक्कदारीदेखील अधिनियमाने दिलेली आहे, रूढीने आलेली नव्हे.

गावतलावाची गोष्ट याच्या अगदी उलट होती. तेथे पाण्यावरील हक्क कोणी दिलेला नव्हता; तो वहिवाटीने चालत आलेला होता आणि सरकारने तो केवळ नोंदवून घेतला होता. दिलेला हक्क आणि नोंदलेला हक्क यांतील हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

३. मालगुजार, निस्तार व वाजिब-उल-अर्ज

मध्यप्रांत १८६१ साली अस्तित्वात आला आणि त्यानंतरच्या जमाबंदीत गावोगावच्या मालगुजारांस जमिनीचे मालकी हक्क देण्यात आले. ‘मालगुजार’ या शब्दाचा मूळ अर्थ सारा भरणारा एवढाच आहे. गावाच्या वतीने सरकारात वसूल भरण्याची जबाबदारी ज्याच्याकडे, तो मालगुजार. भरणा करणाऱ्यास मालक म्हणून मान्यता मिळाली तेव्हा शब्द जुनाच राहिला, परंतु त्याचा कायदेशीर आशय पार पालटला. गावची पडीत जमीन, झुडपी जंगल, तलाव, गावठाण ही सर्व आता एका व्यक्तीची मालमत्ता ठरली.

तथापि गावकऱ्यांचा रोजचा व्यवहार या मालमत्तेवरच अवलंबून होता. गुरे चारणे, सरपण व बांबू आणणे, घरासाठी माती व मुरूम खणणे, तलावावर आंघोळ करणे, गुरांस पाणी पाजणे, मासे धरणे आणि बांध्यांस पाणी घेणे यांवाचून गाव चालणे शक्य नव्हते. या सर्व व्यवहारास ‘निस्तार’ असा शब्द होता. संस्कृत ‘निस्तृ’ म्हणजे पार पडणे, तरून जाणे. मराठीतील ‘निस्तरणे’ हे क्रियापद याच कुळातील आहे. ज्याच्या योगाने संसार निभावून जातो तो निस्तार, असे त्याचे सरळ स्पष्टीकरण देता येईल. पाण्याचा एकच एक उपयोग या शब्दात अभिप्रेत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटी फुटाळ्याच्या निर्णयाचा विचार करताना तिचा उपयोग होणार आहे.

१८८१ आणि १९१७ च्या मध्यप्रांत जमीन महसूल अधिनियमांखाली जमाबंदीच्या वेळी गावाच्या रूढी ज्या कागदात लिहिल्या जात, त्यास ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणत. या अरबी संज्ञेचा अर्थ ‘निवेदन करण्यास योग्य असे’ असा आहे. नावातच त्या कागदाचे स्वरूप व्यक्त होते. हक्क गावात आधीपासून आहे, अधिकाऱ्यापुढे त्याचे निवेदन झाले आणि ते लिहून घेतले गेले, असे ते स्वरूप होय. कोणत्या गावात कोणती रूढी होती हे त्या गावाच्या कागदावरूनच ठरते. एका गावाच्या नोंदीवरून शेजारच्या गावाचा हक्क सिद्ध होत नाही.

४. १९५० चा अधिनियम आणि अपवादाचे कलम

स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मध्यप्रदेश राज्याने मालकी हक्क नष्ट करणारा अधिनियम १९५० साली संमत केला. तो १९५१ चा पहिला अधिनियम म्हणून प्रसिद्ध झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालकी हक्क शासनाकडे निहित झाले. त्याच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. आव्हान देणाऱ्यांत चांदा जिल्ह्यातील अहेरी जमीनदारीचे विश्वेश्वरराव हे होते. १९५२ साली न्यायालयाने अधिनियम वैध ठरविला. विदर्भातील जमीनसुधारणेच्या इतिहासात हा निर्णय मैलाचा दगड मानला जातो.

परंतु तलावांच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम वैधतेचे नसून अपवादाचे आहे. चौथ्या कलमाने जंगल, झाडे, मासेमारी, विहिरी, तलाव, पाण्याचे पाट, गावठाण, हाट व बाजार यांवरील मालकाचे हक्क शासनाकडे घेतले. पाचव्या कलमाने काही गोष्टी माजी मालकाकडे राहू दिल्या. त्यात तलावांचाही उल्लेख आहे. स्वतःच्या वहितीच्या जमिनीतील तलाव त्याच्याकडे राहिला. वहितीबाहेरच्या जमिनीतील ज्या तलावावर मालकावाचून अन्य कोणाचाही सिंचनाचा हक्क नाही, असा तलावही त्याच्याकडेच राहिला.

या शेवटच्या शब्दरचनेचे परिणाम सूक्ष्मपणे पाहण्यासारखे आहेत. तलाव शासनाचा की माजी मालगुजाराचा, हा मालकीचा प्रश्न. पण त्याचे उत्तर मालकीच्या कागदात नाही. ते गावकऱ्यांच्या सिंचनहक्काच्या नोंदीत आहे. वाजिब-उल-अर्जात ‘गावातील कुळे या तलावाचे पाणी बांध्यांस घेतात’ अशा अर्थाची ओळ असेल, तर तलाव शासनाकडे गेला. ती ओळ नसेल आणि अन्य पुराव्यानेही हक्क सिद्ध झाला नाही, तर तो मालगुजाराकडे राहिला. म्हणजे १८६० नंतरच्या काळात एखाद्या कारकुनाने लिहिलेल्या वा लिहावयाच्या राहून गेलेल्या एका ओळीवर १९५१ सालची मालकी ठरली.

शब्दाच्या वर्गीकरणावर हक्क ठरण्याचे दुसरे उदाहरण याच अधिनियमाच्या संदर्भात तेंदूपानांच्या प्रकरणी घडले. विडी व्यवसायामुळे या भागात तेंदूपानास मोठे मोल आहे. अधिनियमापूर्वी मालगुजारांकडून पाने तोडण्याचे करार केलेल्या व्यापाऱ्यांनी आपले करार टिकून आहेत असा दावा केला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या छोटाभाई जेठाभाई पटेल प्रकरणात न्यायालयाने तो मान्य केला. पुढे १९५९ च्या महादेव विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात मात्र न्यायालयाने वेगळा मार्ग स्वीकारला. असे करार केवळ मालाच्या विक्रीचे नसून त्यांत जमिनीतील हितसंबंध गुंतलेला आहे, आणि तो शासनाकडे गेला आहे, असे ठरले. पान एकच, झाड एकच. ‘माल’ म्हटले तर व्यापाऱ्याचे, ‘जमिनीतील हित’ म्हटले तर शासनाचे.

५. महसूल संहिता : दोन नोंदींमधील पोकळी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्यभर एकच महसूल कायदा असावा म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ तयार झाली व ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. विदर्भाच्या वैशिष्ट्यांची दखल घेण्यासाठी तीत कलम १६० पासून एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते केवळ विदर्भास लागू आहे. निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दोन्ही संज्ञा त्यात कायम ठेवल्या आहेत. हे स्वागतार्ह आहे. तथापि संज्ञा कायम राहिली म्हणजे आशयही कायम राहिला असे समजणे धोक्याचे होईल.

कलम १६१ नुसार निस्तारपत्रक म्हणजे गावातील भोगवट्यात नसलेल्या जमिनीच्या व्यवस्थेची योजना होय. गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन ती जिल्हाधिकाऱ्याने तयार करावयाची असते. तीत कोणते विषय असावेत हे कलम १६२ सांगते. चराई, लाकूड व सरपण, मुरूम, कंकर, वाळू, माती, दगड यांचा त्यात स्पष्ट निर्देश आहे. सिंचनाचा व मासेमारीचा तसा स्पष्ट निर्देश नाही.

सिंचन व मासेमारी हे विषय कलम १६५ मधील वाजिब-उल-अर्जात येतात. परंतु त्या कलमास एक मर्यादा घातलेली आहे. जी जमीन वा जे पाणी राज्य शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीचे, नियंत्रणाखालील वा व्यवस्थेखालील नाही, त्यासंबंधीच्याच रूढी या कागदात नोंदवावयाच्या आहेत.

आता ही दोन कलमे १९५० च्या अधिनियमाशेजारी ठेवून वाचावीत. ज्या तलावावर गावकऱ्यांचा सिंचनहक्क होता, नेमका तोच तलाव शासनाकडे निहित झाला. तो शासनाचा झाल्यामुळे नव्या वाजिब-उल-अर्जाच्या कक्षेबाहेर पडला. निस्तारपत्रकात सिंचनास नाव घेऊन जागा दिलेली नाही. अर्थात ज्या हक्काच्या बळावर तलाव मालगुजाराच्या हातून सुटला, त्याच हक्कास नव्या संहितेच्या दोन्ही नोंदींत निश्चित स्थान उरले नाही. मासेमारीचेही तसेच झाले. शासकीय तलावातील मासेमारीचे नियमन कलम १६६ खालील नियमांनी व्हावयाचे असल्याने, पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या ढिवर समाजाचा संबंध रूढीऐवजी ठेक्याशी जोडला गेला.

यावरून हक्क संपुष्टात आला असा निष्कर्ष काढणे मात्र बरोबर होणार नाही. संहितेच्या कलम २० ने नद्या, नाले, सरोवरे, तलाव व त्यांतील पाणी शासनाची मालमत्ता ठरविताना, त्यांवर कायद्याने अस्तित्वात असलेले हक्क अबाधित ठेवले आहेत. म्हणजे शासनाची मालकी ही हक्कांच्या अधीन असलेली मालकी आहे. अडचण हक्काच्या अस्तित्वाची नाही, ती पुराव्याची आहे. तो हक्क आज चालू नोंदवहीतून वाचता येत नाही. तो जुन्या कागदांतून सिद्ध करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने या बाबतीत जुनेच तत्त्व चालू ठेवले आहे. सार्वजनिक अभिलेखातील नोंद कलम २९ नुसार संबद्ध ठरते, आणि योग्य अभिरक्षेतून आलेल्या तीस वर्षांच्या दस्तऐवजासंबंधी कलम ९२ नुसार गृहीतक करता येते. जुनी जमाबंदीची मिसल ही अशा रीतीने जिवंत पुरावा आहे.

६. २००६ : ‘निस्तार’ शब्दाचे पुनरागमन

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम संसदेने २००६ साली केला व तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ मधील पोटकलम १ च्या खंड ‘ख’ मध्ये सामूहिक हक्कांचे उदाहरण म्हणून ‘निस्तार’ हा शब्द साक्षात आला आहे. तो कोणत्याही नावाने ओळखला जात असो, तसेच पूर्वीच्या संस्थानांत, जमीनदारीत वा तत्सम मध्यस्थ पद्धतींत रूढ असो, त्यास मान्यता दिलेली आहे. त्याच पोटकलमाने मासे व जलाशयातील अन्य उत्पन्न आणि चराई यांवरील सामूहिक हक्कांचाही निर्देश केला आहे.

मध्यप्रांताच्या महसुली व्यवहारातील एक शब्द अशा रीतीने केंद्रीय अधिनियमात आला आणि सर्व देशास लागू झाला. ‘कोणत्याही नावाने’ हे शब्द विशेष मोलाचे आहेत. संज्ञा बदलल्याने हक्क बुडू नये, ही काळजी त्यात दिसते. पुराव्याच्या बाबतीतही अधिनियमाखालील नियम उदार आहेत. शासकीय कागदपत्रांबरोबरच गावातील वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन हाही पुरावा मानला आहे. ‘वाजिब-उल-अर्ज’ या संज्ञेतील निवेदनाची कल्पनाच येथे नव्या रूपाने अवतरली, असे म्हणण्यास हरकत नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, आणि १८ एप्रिल २०१३ रोजीच्या नियमगिरी निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अशा हक्कांसंबंधी ग्रामसभेच्या निर्णयाचे महत्त्व अधोरेखित केले.

या अधिनियमाचीही मर्यादा आहेच. तो वनजमिनीपुरता आहे. दावेदार अनुसूचित जमातीचा नसेल तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तेथील वास्तव्य व वनांवरील अवलंबन दाखवावे लागते. जंगलाच्या सीमेआतील बोडी या कायद्याखाली येईल. सीमेबाहेरचा तलाव येणार नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आसमंतात असलेल्या या पट्ट्यात ही सीमा कोठून जाते, हा प्रश्न केवळ नकाशाचा राहत नाही.

७. ‘पाणथळ’ : नवी व्याख्या आणि फुटाळ्याचा निर्णय

तलावाकडे पाहण्याची चौथी भाषा पर्यावरण कायद्याची होय. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी २०१० साली नियम झाले. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालकृष्णन प्रकरणात, उपग्रह नकाशांवरून निश्चित झालेल्या २,०१,५०३ पाणथळ जागांचे त्या नियमांतील तत्त्वांनुसार रक्षण व्हावे, असा आदेश दिला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये २०१० च्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. ११ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळ जागांची प्रत्यक्ष स्थळपाहणी पूर्ण करण्याचे आदेश राज्यांस दिले.

२०१७ च्या नियमांतील व्याख्येची रचना दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीत नैसर्गिक तसेच कृत्रिम, कायम तसेच हंगामी अशा सर्व पाणथळ जागा आत घेतल्या आहेत. दुसऱ्या पायरीत नदीपात्रे, भातशेते, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय आणि मत्स्यपालन, मीठ-उत्पादन, करमणूक व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. याखेरीज वन व वन्यजीव विषयक कायद्यांच्या कक्षेतील जागाही या नियमांच्या प्रयुक्तीबाहेर ठेवल्या आहेत, कारण त्यांस ते ते कायदे लागू आहेतच.

फुटाळा प्रकरणात हीच व्याख्या निर्णायक ठरली. भोसलेकालीन फुटाळा तलावात व त्याच्या काठी झालेल्या बांधकामांस नागपुरातील एका संस्थेने हरकत घेतली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निर्णयानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हा तलाव मानवनिर्मित असून २०१७ च्या नियमांतील ‘पाणथळ’ या व्याख्येत बसत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. मात्र त्याच निर्णयात न्यायालयाने आणखी एक तत्त्व मांडले आहे. नैसर्गिक संपत्ती शासन जनतेचा विश्वस्त म्हणून धारण करते, हे तत्त्व १९९६ च्या कमलनाथ प्रकरणापासून आपल्या कायद्यात स्थिर झाले आहे. ते केवळ नैसर्गिक जलाशयांपुरते मर्यादित नसून मानवनिर्मित जलाशयांसही लागू होते, असे न्यायालयाने म्हटले.

पूर्व विदर्भाच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व किती आहे हे सांगावयास नको. येथील बहुतेक तलाव मानवनिर्मित आहेत. बोदलकसा हे तर उघडच शासकीय सिंचनकार्य आहे. वगळणुकीचे शब्द त्यास सरळ लागू पडतात. हिवाळ्यात तेथे उतरणाऱ्या पक्ष्यांस हा भेद कळत नसला तरी कायद्यास तो पाळावा लागतो. अशा जलाशयाच्या बाबतीत आधार घ्यावयाचा तो विश्वस्त तत्त्वाचा आणि वन व वन्यजीव विषयक कायदे जेथे लागू असतील तेथे त्यांचा.

परंतु गावतलावास हेच उत्तर लागू पडते काय? येथे ‘खास बांधलेल्या’ या शब्दांवर विचार थांबवावा लागतो. गावतलाव सिंचनासाठी बांधला हे खरे. पण तो सिंचनासाठीच बांधला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. आंघोळ, धुणे, गुरांचे पाणी, मासे, कमळकंद, काठची माती व गवत असे अनेकविध उपयोग ज्या तलावाशी आरंभापासून जोडलेले आहेत आणि ज्यांची नोंद जुन्या कागदात निस्तार म्हणून झालेली आहे, तो तलाव एका उद्देशासाठी खास बांधलेली रचना कसा ठरेल? फुटाळ्याचा निर्णय हा त्या तलावाच्या वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. निस्तारी तलावाची वस्तुस्थिती वेगळी आहे, असे पुराव्यानिशी दाखविता आले, तर व्याख्येचा प्रश्न पुन्हा खुला होऊ शकतो. त्याचा निकाल कसा लागेल हे आज सांगता येणार नाही. परंतु तो मांडण्याची सामग्री कोणती, हे निश्चितपणे सांगता येते. ती सामग्री म्हणजे गावाची जुनी निस्तार-नोंद होय. पर्यावरण कायद्यातील अगदी नव्या प्रश्नाचे उत्तर महसुली दप्तरातील अगदी जुन्या शब्दात दडलेले असावे, ही या विषयातील सर्वांत उद्‌बोधक गोष्ट आहे.

८. अनुवादाची जबाबदारी

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळण्यास हरकत नाही. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने उच्च न्यायालयाच्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयांची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी आहे. त्यामुळे एकाच तलावाचा वाद खाली मराठीत व वर इंग्रजीत चालतो. त्याचे मूळ कागद मात्र बहुधा फारसी-अरबी संज्ञांनी भरलेले असतात. अलीकडे वरिष्ठ न्यायालयांचे निर्णय यंत्राच्या साहाय्याने भारतीय भाषांत उतरविण्याचे कार्य मोठ्या प्रमाणावर चालू आहे. हे कार्य अत्यंत उपयुक्त आहे. तथापि त्यामुळे अनुवादकाची जबाबदारी कमी होत नसून वाढते.

तीन उदाहरणे पुरेशी होतील. व्याख्येतील ‘खास सिंचनासाठी बांधलेली’ याऐवजी अनुवादकाने ‘केवळ सिंचनासाठी’ असे लिहिले, तर त्याने नकळत वाद निकालात काढला. ‘सिंचनासाठी’ एवढेच लिहिले, तर तो विरुद्ध बाजूने निकालात काढला. दुसरे असे की, ‘निहित होणे’ यास सोपे रूप म्हणून ‘मालकीचे होणे’ असे लिहिल्यास, ती मालकी इतरांच्या हक्कांच्या अधीन आहे ही छटा लोप पावते. तिसरे, ‘निस्तार’ यास ‘वापर’ किंवा ‘सुविधाधिकार’ असा प्रतिशब्द योजल्यास २००६ च्या अधिनियमाशी असलेला त्याचा शब्दगत संबंधच तुटतो. सुविधाधिकार एका स्थावर मालमत्तेचा दुसरीवर असतो. निस्तार हा गावातील रहिवाशांचा, भूमिहीनासही मिळणारा हक्क आहे. म्हणून ‘निस्तार’ हा शब्द अनुवादात जसाच्या तसा ठेवणे हेच योग्य होय. तो परका नाही आणि अपारदर्शकही नाही.

९. समारोप

वरील विवेचनातून एक सूत्र निष्पन्न होते. तलावावरील लोकांचा हक्क कोणत्याही एका कायद्याने हिरावून घेतलेला नाही. एका कायद्याने तो अपवादाच्या कलमात ठेवला, दुसऱ्याने त्याची नोंद दोन कागदांच्या मधल्या पोकळीत सोडली, तिसऱ्याने त्यास नाव घेऊन बोलावले पण जंगलाच्या सीमेपाशी थांबविले, चौथ्याने व्याख्येच्या एका विशेषणात त्याचे भवितव्य गुंतवून ठेवले. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर तर्कशुद्ध आहे. सर्व पायऱ्या एकत्र पाहिल्या म्हणजे मात्र गावकऱ्याच्या हाती निश्चित असे थोडेच उरते.

यापुढील संशोधन गाव हे घटक धरूनच व्हावयास हवे. प्रत्येक तलावासंबंधी चार प्रश्न विचारावेत. तो १९५१ साली कोणत्या कलमाने कोणाकडे गेला? जुन्या वाजिब-उल-अर्जात त्याच्या पाण्याविषयी व मासेमारीविषयी नेमके काय लिहिले आहे? तो वनसीमेच्या आत आहे की बाहेर? आणि तो कोणकोणत्या उपयोगांसाठी बांधला गेल्याचा पुरावा मिळतो? या प्रश्नांची उत्तरे जिल्ह्याच्या अभिलेखागारात व गावातील वृद्धांच्या स्मरणात आहेत. कागद जीर्ण होत आहेत आणि मालगुजारीचा काळ प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता अगदी थोडी उरली आहेत. कायदा व महसुली इतिहास या दोन्ही विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मिळून हे काम हाती घेतल्यास त्याचा उपयोग प्रबंधापुरता राहणार नाही. पुढेमागे एखाद्या गावास न्यायालयात आपले म्हणणे मांडताना तीच नोंद उपयोगी पडेल.